नवा राउटर घेण्याआधी वॅन आयपी बघा: घरचा गेम सर्व्हर बाहेरून का दिसत नाही

तुमची अडचण आधी मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. जुळे सोलापुरात घरी एका डेस्कटॉपवर तुम्ही माइनक्राफ्ट या गेमच्या जावा एडिशनचा सर्व्हर लावला आहे, म्हणजे ज्याला जोडून सगळे एकत्र खेळतात तो प्रोग्रॅम. धाकटा भाऊ घरातल्याच लॅपटॉपवरून आत येतो, खेळतो. पुण्यात शिकणाऱ्या दोन मित्रांना आणि विजापूर रोडच्या एकाला मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आऊट’ एवढंच दिसतं. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट (या गेमचा ठरलेला दरवाजा-क्रमांक) फॉरवर्ड केला, म्हणजे त्यावर बाहेरून येणारं डेस्कटॉपकडे वळवलं, विंडोजची फायरवॉल बंद करून पाहिली, राउटर रीसेट करून सगळं पुन्हा भरलं, तरी पोर्ट तपासणारी वेबसाइट ‘क्लोज्ड’च म्हणते. त्यात संध्याकाळी भावाबरोबर खेळतानाही लॅग येतो, खेळ अडखळतो. म्हणून विचारताय की महागातला गेमिंग राउटर घ्यावा का.

आत्ता घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला राउटरवर फारसा संशय येत नाही. ह्या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींचं कारण वेगळं असण्याची शक्यता जास्त आहे. नवा राउटर आणून कदाचित दोन्ही तशाच राहतील.

मी सोलापुरात दुकानं, दवाखाने आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांची नेटवर्कची कामं करतो. गेम सर्व्हर माझ्याकडे क्वचित येतात, पण ‘कारखान्यातला सीसीटीव्ही घरून मोबाईलवर दिसायला पाहिजे’ ही मागणी नेहमीची. नेटवर्कच्या बाजूने बघितलं तर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) काय आणि तुमचा सर्व्हर काय, काम एकच: बाहेरून आलेली विनंती घरातल्या एका ठरावीक यंत्रापर्यंत पोचवायची. म्हणून पुढे जे लिहितोय ते बरंचसं त्या कामातून आलेलं आहे.

आधी त्या एरर मेसेजकडे नीट बघू. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. रिफ्यूज्ड म्हणजे विनंती कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचली आणि त्या यंत्राने ‘इथे या पोर्टवर कुणी नाही’ असं उलट कळवलं. टाइम्ड आऊट म्हणजे उलट काहीच आलं नाही. पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा तुकडा, वाटेतच राहिलं किंवा कुणीतरी ते गुपचूप टाकून दिलं. यात एक बारकावा आहे. विंडोजची फायरवॉल चालू असली की बंद पोर्टवर आलेल्या विनंतीला ती सहसा नकारही कळवत नाही. म्हणजे सर्व्हर सुरूच नसला तरी समोरच्याला टाइम्ड आऊट दिसू शकतं. पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटचंही तसंच: तपासताना सर्व्हर चालू नसेल तर ती ‘क्लोज्ड’च म्हणणार, मग फॉरवर्डिंग कितीही बरोबर असो. एवढी खात्री करून मगच पुढे जा.

भाऊ आत येतो, ही तुमच्या सगळ्या लिहिण्यातली सर्वात कामाची माहिती आहे. त्यातून कळतं की सर्व्हर उठलाय, जावाची आवृत्ती बरोबर आहे, प्रोग्रॅम पोर्टवर ऐकतोय आणि घरातल्या नेटवर्कमध्ये त्याच्यापर्यंत जाता येतं. त्यामुळे सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करणं वगैरे काही करत बसू नका. फक्त एक विचारा: भाऊ कोणता पत्ता टाकून येतो? १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर वरचं सगळं लागू आहे. फायरवॉल मात्र आजच परत चालू करा आणि जावाला प्रायव्हेट व पब्लिक दोन्ही नेटवर्कसाठी परवानगी द्या. फायरवॉल बंद ठेवून तुमचा प्रश्न सुटला नाही, याचा अर्थ ती एकटी आडवी येत नव्हती. मग ती बंद ठेवण्यात फक्त धोका आहे.

तुम्ही राउटर रीसेट केलाय म्हणून आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. रीसेटनंतर राउटर घरातल्या यंत्रांना नव्याने पत्ते वाटतो. आधी डेस्कटॉप १९२.१६८.१.५ वर असेल आणि आता १९२.१६८.१.९ वर गेला असेल, तर तुमचा फॉरवर्डिंगचा नियम आता भावाच्या लॅपटॉपकडे किंवा टीव्हीकडे बोट दाखवत असेल. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाका, पत्ता जुळतोय का बघा आणि राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर त्या डेस्कटॉपसाठी पत्ता राखून ठेवा. सर्व्हर प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये ‘सर्व्हर आयपी’ची ओळ असते, ती कोरी ठेवा. त्यात पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा पत्ता, लिहिला की सर्व्हर बहुधा उठतच नाही.

आता मुख्य गोष्ट. राउटरच्या पानावर लॉगिन करा. ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ नावाच्या भागात ‘वॅन आयपी’ अशी ओळ असते, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता. तो आकडा कागदावर लिहून घ्या. मग त्याच घरच्या इंटरनेटवरून, मोबाईल डेटावरून नव्हे, ‘माझा आयपी काय’ दाखवणारी कोणतीही वेबसाइट उघडा. तिथे आयपीव्ही४ चा (चार आकड्यांचा) जो पत्ता दिसेल तो त्या आकड्याशेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी आहे. वेगळे असतील, तर तुमच्या राउटरच्या आणि इंटरनेटच्या मध्ये आणखी कुणीतरी पत्ते बदलतंय, आणि तुमच्या राउटरमध्ये केलेलं फॉरवर्डिंग त्या मधल्या ठिकाणी पोचतच नाही.

वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कोणत्याही आकड्याने सुरू होत असेल तर फार शोधायला नको, ते सीजीनॅट आहे: कंपनी एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांसाठी मिळून वापरते. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि त्याच वर्षी एप्रिलपासून आपल्या आशिया-पॅसिफिक भागातही मोजून पत्ते देणं सुरू झालं. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या किंवा वाढलेल्या इंटरनेट कंपनीकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पत्ता देण्याइतका साठा नसतो. मग एकाच पब्लिक आयपीमागे बरीच घरं बसवली जातात. तुम्ही आतून बाहेर गेलात की कंपनीचं यंत्र त्याची नोंद ठेवतं आणि उत्तर बरोबर तुमच्याकडे आणून सोडतं. पण पुण्यातला मित्र आपणहून त्या आयपीवर आला की यंत्राकडे तशी नोंदच नसते. हे पॅकेट जुळे सोलापुरातल्या कुठल्या घरचं, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते पॅकेट टाकून दिलं जातं आणि मित्राला टाइम्ड आऊट दिसतं. तुमच्या वर्णनाशी हे पुरेपूर जुळतं.

अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात मला असंच बोलावलं होतं. मालकाने दोनदा राउटर बदलून घेतला होता, डीव्हीआरचं फॉरवर्डिंग दोन्ही वेळा अगदी बरोबर केलेलं होतं. स्टेटसच्या पानावर वॅन आयपी १००.७२ ने सुरू होत होता. तिथे कितीही भारी राउटर लावला असता तरी कॅमेरे दिसले नसते.

वॅन आयपी १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र दोन शक्यता राहतात. एक म्हणजे कंपनीच तसे खासगी पत्ते देते. दुसरी, आणि आपल्याकडे बरीच दिसणारी: घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत. फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला ओएनटीचा (फायबरचं कनेक्शन घेणारा) डबा स्वतःच राउटरचं काम करत असतो आणि आपण त्याला आपला राउटर जोडतो. अशा वेळी त्या भिंतीवरच्या डब्याच्या पानावर जाऊन त्याचा वॅन आयपी बघा. लॉगिनचा पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर सहसा असतो. तिथे खरा पब्लिक आयपी दिसला तर काम सोपं आहे. फायबरवाल्याला डबा ब्रिज मोडला टाकायला (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करायला) सांगा आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीने कनेक्शनसाठी दिलेलं, लॉगिन तुमच्या राउटरमध्ये भरा. तो तयार नसेल तर तुमचा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) म्हणून वापरा आणि फॉरवर्डिंग डब्यातच करा.

तपासण्याची एक पद्धत टाळा. घरातूनच स्वतःचा पब्लिक आयपी टाकून जोडून बघू नका. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत वळणं जमत नाही, त्यामुळे सगळं ठीक असूनही तुम्हाला अपयश दिसेल. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि तिथून जोडून बघा. बाहेरून येणं म्हणजे ते.

सीजीनॅट निघालं तर काय करायचं, हे तुमच्या खिशावर, मित्रांच्या उत्साहावर आणि तुमचा केबलवाला कसा आहे त्यावर अवलंबून आहे. सर्वात स्वच्छ मार्ग पब्लिक आयपी मागून घेण्याचा. फोनवर ‘पोर्ट ओपन करून द्या’ असं म्हणू नका. समोरचा ‘आमच्याकडून सगळे पोर्ट ओपनच हायती की’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. नेमकं विचारा: ‘माझ्या कनेक्शनला पब्लिक आयपीव्ही४ मिळेल का? स्टॅटिक नसला, बदलणारा असला तरी चालेल. आणि बाहेरून येणारं ट्रॅफिक तुमच्याकडे अडवलं जातं का?’ काही जण स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे घेतात, काही घरगुती प्लॅनवर देतच नाहीत. एक-दोन मित्र मिळून तो खर्च वाटून घेणार असाल तर हाच मार्ग घ्या. बदलणारा आयपी मिळाला तर डायनॅमिक डीएनएसचं एखादं नाव (नव्या आयपीकडे आपोआप वळणारं) लावा, कारण लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की नवा आयपी येऊ शकतो आणि मित्र जुन्याच आकड्यावर प्रयत्न करत बसतात.

तोवर, किंवा पैसे खर्च करायचेच नसतील तर, टेलस्केल किंवा झीरोटियर हा प्रोग्रॅम वापरा. तुम्ही तीन-चार ओळखीचे मित्रच खेळणार असाल तर मी स्वतः हेच आधी सुचवेन. तुमच्या डेस्कटॉपवर आणि प्रत्येक मित्राच्या कॉम्प्युटरवर ते टाकायचं, मग सगळे एकाच घरातल्या नेटवर्कमध्ये असल्यासारखे एकमेकांना दिसतात. फॉरवर्डिंग लागत नाही, आयपी बदलला तरी फरक पडत नाही, आणि सर्व्हर अनोळखी लोकांना दिसतही नाही. टेलस्केल तुमच्या कॉम्प्युटरला जो पत्ता देतं तोही १०० नेच सुरू होतो, कारण तेही त्याच पट्ट्यातले आकडे वापरतं. तो बघून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष फक्त राउटरच्या वॅन आयपीवरून काढायचा. पिंग, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ, मात्र तपासा. दोन्हीकडचे कॉम्प्युटर थेट जोडले गेले तर ठीक, नाहीतर ट्रॅफिक मधल्या रिले सर्व्हरवरून फिरतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर-पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. प्रत्यक्षात मार्ग वाकडा असतो, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे याच्या कितीतरी पट जास्त आकडा येईल आणि त्यात काही वावगं नाही. पण पुण्याच्या मित्राचा पिंग २०० मिलिसेकंदांच्या वर सतत राहत असेल तर तुमचा खेळ देशाबाहेर जाऊन परत येतोय असं धरून चाला.

मित्रांनी काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर प्लेइटसारखी टनेल सेवा आहे. ती तुम्हाला एक पत्ता देते, मित्र तो टाकून येतात. तिथेही पिंगचा हाच मुद्दा लागू होतो. चौथा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा. तुमच्या फायबरवर आणि प्रत्येक मित्राकडे आयपीव्ही६ असेल तर सीजीनॅटचा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडावा लागतो. मोबाईल डेटावर आयपीव्ही६ आता सर्रास असतं, पण हॉस्टेलच्या वायफायवर ते असेलच असं नाही. पुण्याच्या दोघांना आधी विचारा.

आता लॅग. भाऊ घरातूनच खेळतो, म्हणजे त्याच्या आणि सर्व्हरच्या मध्ये इंटरनेट येतच नाही. त्यामुळे भावाला लॅग येत असेल तर फायबरवाल्याला फोन करून उपयोग नाही. कारण बहुधा एकतर डेस्कटॉपमध्ये आहे किंवा वायफायमध्ये. लॅग आला त्या क्षणी तुम्ही स्वतः डेस्कटॉपवर खेळत असाल तर तुम्हालाही तोडलेला ब्लॉक परत जागेवर येताना दिसतो का, प्राणी एका जागी गोठतात का, ते बघा. दोघांनाही एकदम होत असेल तर सर्व्हर मागे पडतोय. फक्त भावाला होत असेल तर वायफाय.

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळ पुढे सरकण्याचे टप्पे) चालवतो, म्हणजे एका टिकचं काम ५० मिलिसेकंदांत संपलं पाहिजे. संपलं नाही की कन्सोलवर ‘कान्ट कीप अप’ची ओळ येते आणि आपण किती मिलिसेकंद मागे पडलोय तेही ती सांगते. सर्व्हर १.२०.३ किंवा नंतरचा असेल तर ‘टिक क्वेरी’ या कमांडने सरासरी वेळ थेट दिसतो. खेळाचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, म्हणून जुन्या प्रोसेसरला कोअर जास्त असले तरी त्याचा फारसा फायदा होत नाही. ‘व्ह्यू डिस्टन्स’ (खेळाडूला किती लांबचं दिसतं) मुळात १० असतो, तो ७ करा. ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ (किती लांबपर्यंतचे प्राणी वगैरे हलत राहतात) ५ किंवा ६. एवढ्यानेच फरक जाणवायला हवा. ८ जीबी रॅम असेल तर सर्व्हरला ६-७ जीबी देऊन टाकू नका. विंडोजला आणि तुमच्या स्वतःच्या गेमला जागा उरत नाही, मग हार्ड डिस्कवर उसनवारी सुरू होते आणि सगळंच रांगायला लागतं. ३ ते ४ जीबी तीन-चार खेळाडूंना पुरतात. सर्व्हरचं वर्ल्ड हार्ड डिस्कवर असेल तर ते एसएसडीवर हलवा. नव्या भागात पळत सुटलं की नवे चंक (खेळातल्या जगाचे तुकडे) तयार होतात, त्या वेळी डिस्क आणि प्रोसेसर दोन्हींवर ताण येतो.

आपल्याकडचं ऊनही या हिशेबात धरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी खोलीत तीच धग उतरते. डेस्कटॉप टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, पंख्याच्या जाळीवर धूळ बसली असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लॅग संध्याकाळीच येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मी मुद्दाम सांगतोय. तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम उघडा ठेवून खेळा. ९० अंशांच्या वर जाऊन प्रोसेसरचा वेग खाली येताना दिसला तर कारण सापडलं. कॅबिनेट उघडून धूळ काढणं आणि थर्मल पेस्ट बदलणं हे नव्या राउटरपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

वायफायचा संशय असेल तर भावाच्या लॅपटॉपवरून राउटरला सलग पिंग लावा. घरातल्या घरात तो ५ मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर राहायला हवा. मध्येच १००-२०० च्या उड्या मारत असेल तर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असू शकते. संध्याकाळी सगळे घरी असतात. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या, किंवा सरळ केबल ओढा. डेस्कटॉपला तर केबलच हवी, तो सर्व्हर आहे.

दोन गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, पण सर्व्हर बाहेरून दिसायला लागला की त्याच दिवशी त्या लागतील. पहिली सुरक्षिततेची. २५५६५ पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर कायम असतात, त्यामुळे व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) चालू करा, ‘ऑनलाइन मोड’ (खेळाडूचं खातं खरं आहे का हे तपासणारा) ट्रू ठेवा आणि राउटरमध्ये डीएमझेडचा (यंत्र बाहेर पूर्ण उघडं टाकण्याचा) पर्याय कुणी सुचवला तरी वापरू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल नावाची त्रुटी उघड झाली होती. गेमच्या चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाइप करून समोरच्या सर्व्हरचा ताबा घेता येत होता. ती १.१८.१ मध्ये दुरुस्त झाली. मॉडसाठी तुम्ही त्याहून जुनी आवृत्ती चालवत असाल तर त्या आवृत्तीसाठी दिलेली दुरुस्ती लावल्याशिवाय पोर्ट उघडू नका.

दुसरी लाइटची. वर्ल्ड सेव्ह होत असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, आणि महिनोन्‌महिने मुलांनी मिळून बांधलेलं सगळं जाताना मला बघवत नाही. डेस्कटॉपला छोटा का होईना यूपीएस लावा; घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, कारण तो चालू व्हायला लागणाऱ्या क्षणभरात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. फायबरचा डबा आणि राउटरही बॅटरीवर घ्या. बॅकअप घेताना सर्व्हर ‘स्टॉप’ कमांडने थांबवून फोल्डर कॉपी करा. थांबवायचा नसेल तर आधी ‘सेव्ह ऑफ’, मग ‘सेव्ह ऑल फ्लश’, कॉपी झाली की ‘सेव्ह ऑन’.

आज रात्री एवढंच करा: राउटरचा वॅन आयपी आणि वेबसाइटवर दिसणारा आयपी, दोन्हींचे फक्त पहिले दोन आकडे मला लिहून पाठवा, पूर्ण पत्ता सगळ्यांसमोर टाकू नका. सोबत फायबरच्या डब्यामागे तुमचा वेगळा राउटर आहे की नाही आणि लॅगच्या वेळी कन्सोलवर ‘कान्ट कीप अप’ दिसतं का, हे सांगा. दोन्ही आयपी सारखे निघाले तर माझा सीजीनॅटचा अंदाज बाद होतो. मग फॉरवर्डिंगच्या पानाचा फोटो पाठवा, त्यातली एकेक ओळ आपण बघू.